शंका-समाधान : शस्त्रक्रियेनंतरचं नाक – थांबायचं कधी, पुन्हा करायचं कधी?

या वेळच्या टपालात नाकाच्या ऑपरेशननंतरच्या तक्रारी जास्त आहेत. कुणाचं वाकडं राहिलंय, कुणाचं बसलंय, कुणाला नवं नाक ओळखीचं वाटत नाही. जवळजवळ प्रत्येक पत्राच्या शेवटी एकच प्रश्न आहे : पुन्हा ऑपरेशन करावं का? त्याचं उत्तर फोटो पाहून देता येत नाही. पहिलं ऑपरेशन कशासाठी झालं, त्याला किती महिने झाले आणि आज श्वास कसा चालतो, हे आधी कळावं लागतं. पत्रं थोडक्यात दिली आहेत, नावं दिलेली नाहीत.

प्रश्न : माझी मुलगी १९ वर्षांची आहे. लहानपणी झोक्यावरून पडली तेव्हापासून नाक वाकडं आहे. श्वासाला त्रास व्हायचा म्हणून तीन महिन्यांपूर्वी लातूरला नाकाच्या पडद्याचं ऑपरेशन केलं. श्वास मोकळा झाला, घोरणं गेलं, पण नाक होतं तसंच वाकडं. यंदा स्थळं बघायची आहेत. पाहुणे म्हणतात, पैसे घालून उपयोग काय? आमची फसवणूक झाली का? – एक वडील, देवणी

उत्तर : फसवणूक झालेली दिसत नाही. घरातलं डिस्चार्ज कार्ड काढा. त्यावर ‘सेप्टोप्लास्टी’ असं लिहिलेलं असेल, तर ते ऑपरेशन आतला पडदा सरळ करण्यासाठीच होतं. ते नाकपुडीतून करतात आणि बाहेरच्या हाडाला हात लावत नाहीत. बाहेरून दिसणारं नाक वरच्या एक तृतीयांश भागात हाडाचं आणि खाली कूर्चेचं असतं. ते सरळ करायचं तर हाड मोजून कापून जागेवर बसवावं लागतं. त्याला ‘सेप्टोरायनोप्लास्टी’ म्हणतात आणि ते वेगळं ऑपरेशन आहे. श्वास सुधारला म्हणजे ज्यासाठी ऑपरेशन केलं ते साधलं. बाहेरचा आकार बदलणार नाही, हे आधीच कुणी समजावून सांगायला हवं होतं, ही तुमची तक्रार मात्र रास्त आहे.

दुसरं ऑपरेशन करायचंच असेल तर आतल्या जखमा पक्क्या होऊ द्या. सहा महिने तरी जाऊ द्यावेत, वर्ष गेलं तर उत्तम. पहिल्या वेळी पडद्याची कूर्चा किती काढली, हेही त्या डॉक्टरांना विचारून ठेवा. नाकाला नवा आधार द्यायला सर्जन आधी तीच कूर्चा वापरतो. ती शिल्लक नसेल तर कानातून घ्यावी लागते.

साखरपुड्याची तारीख धरून ऑपरेशनची तारीख ठरवू नका. डोळ्यांखालचं काळंनिळं दोन-तीन आठवड्यांत जातं आणि वरची सूज दोन-तीन महिन्यांत बरीच उतरते. शेंड्याची सूज पूर्ण जायला मात्र वर्ष लागतं. एक गोष्ट तुमच्या पत्रात कुठेच नाही : हे नाक सरळ व्हावं असं मुलीला स्वतःला वाटतं का? तपासायला आणाल तेव्हा पहिला प्रश्न मी तिला विचारीन, आणि तुम्ही बाहेर बसला असताना विचारीन.

प्रश्न : दोन वर्षांमागं गोठ्यात वानेऱ्या खोंडाचं शिंग नाकावर बसलं. घोळणा फुटला, पण थोड्या वेळात थांबला म्हणून दवाखान्यात गेलो नाही. चार दिवसांनी दोन्ही नाकपुड्या बंद, ताप आणि ठणका. मग उदगीरला चीर देऊन पू काढला. पुढं हळूहळू नाक मधोमध बसलं. आता चष्मासुद्धा नीट टिकत नाही. चीर चुकीची दिली का? वय ३४. – एक शेतकरी, वलांडी

उत्तर : चिरेचा दोष नाही. चीर दिली नसती तर पू वर चढून जिवावर बेतलं असतं. नुकसान त्याआधीच्या चार दिवसांत झालं. नाकाच्या पडद्यातल्या कूर्चेला स्वतःच्या रक्तवाहिन्या नसतात. दोन्ही बाजूंनी चिकटलेल्या अस्तरातून तिला पोषण मिळतं. मार लागला की अस्तर आणि कूर्चा यांच्यामध्ये रक्त साठतं, अस्तर सुटतं आणि कूर्चा उपाशी पडते. तीन-चार दिवसांत ती मरू लागते आणि पू झाला तर त्याहून लवकर विरघळते. घराचं आढं जसं मेढीवर उभं असतं तसा नाकाचा दांडा या पडद्यावर उभा असतो. मेढ गेली की मधला भाग खाली बसतो.

आता दोन वर्षं उलटली आहेत, म्हणजे दुरुस्तीला हरकत नाही. खड्डा उथळ असेल तर कानाच्या पाळीवरच्या वाटीसारख्या भागातून कूर्चा घेतात. कानाचा आकार त्याने सहसा बिघडत नाही. खड्डा खोल असेल, श्वासही कोंडत असेल, तर सहाव्या किंवा सातव्या बरगडीची कूर्चा लागते. छातीवर छोटी चीर येते आणि काही दिवस खोल श्वास घेताना, खोकताना दुखतं. बरगडीच्या कूर्चेला पुढे वाकण्याची खोड असते. म्हणून ती मधल्या गाभ्यातून समतोल कापतात किंवा बारीक तुकडे करून पातळ पडद्यात गुंडाळून घालतात.

कुणी सिलिकॉनची पट्टी सुचवील. ती घालायला सोपी आणि वेळही कमी लागतो. पण पू होऊन गेलेल्या नाकाचं अस्तर आखडलेलं असतं. तिथे परकी वस्तू कित्येक वर्षांनंतरही चिघळू शकते, कातडी फाडून बाहेर येऊ शकते. तुमच्यासाठी स्वतःची कूर्चाच बरी. ऑपरेशननंतर सहा आठवडे ओझं उचलायचं नाही, आणि तीन महिने खोंडाच्या दावणीला दुसऱ्या कुणाला तरी पाठवा.

प्रश्न : मी मूळची उदगीरची, पुण्यात नोकरी करते. नाकाचा उंचवटा कमी करण्यासाठी पाच महिन्यांपूर्वी ऑपरेशन केलं. समोरून छान दिसतं, पण बाजूने पाहिलं की शेंड्याच्या वर फुगवटा दिसतो, पोपटाच्या चोचीसारखा. जिना चढताना डावी नाकपुडी आत ओढली जाते. पार्लरमध्ये म्हणतात, फिलर भरून दहा मिनिटांत सरळ करून देऊ. घेऊ का? – वय २७

उत्तर : पार्लरमध्ये अजिबात घेऊ नका. फिलर भर घालतो, कमी काही करत नाही. तुमचा फुगवटा लपवायला त्याच्या वर आणखी भर घालावी लागेल आणि कमी करून घेतलेलं नाक पुन्हा मोठं होईल. खरा धोका त्याहून मोठा आहे. ऑपरेशन झालेल्या नाकातल्या रक्तवाहिन्यांची मूळची वाट बदललेली असते. फिलर चुकून रोहिणीत गेला तर शेंड्याची कातडी काळी पडून गळू शकते, डोळ्याच्या रक्तवाहिनीत पोचला तर दृष्टी जाऊ शकते. हायल्युरॉनिक आम्लाचा फिलर विरघळवणारं औषध आहे, पण ते काही तासांच्या आत आणि जाणकार हातानं द्यावं लागतं. ते पार्लरच्या कपाटात नसतं.

या फुगवट्याला तीन कारणं असतात : आत वणाची ऊती जमणं, कूर्चेचा उंचवटा थोडा राहून जाणं, किंवा शेंड्याचा आधार सुटून शेंडाच खाली येणं. बोट लावून पाहिलं की सर्जनला बरंचसं कळतं. पाच महिन्यांत भाग मऊ लागत असेल तर ती बहुधा सूज किंवा वण आहे. रात्री चिकटपट्टी लावणं आणि गरज पडली तर ट्रायम्सिनोलोन या स्टिरॉइडचं अगदी थोडं इंजेक्शन खोलवर देणं, एवढ्यावर तो उतरू शकतो. हे इंजेक्शन जास्त झालं किंवा वरवर दिलं तर कातडी पातळ होऊन खळगा पडतो, म्हणून ते तुमच्या सर्जननेच द्यावं. भाग टणक असेल तर वर्ष पूर्ण होऊ द्या आणि मग दुरुस्तीचं बोला. आपल्याकडे पुष्कळांची कातडी जाड असते, तिची सूज वर्षानंतरही उतरत राहते.

नाकपुडी आत ओढली जाणं मला जास्त महत्त्वाचं वाटतं. आरशासमोर उभं राहून डाव्या नाकपुडीशेजारचा गाल बोटाने हलकेच बाहेरच्या बाजूला ताणा. श्वास लगेच मोकळा झाला तर नाकातली झडप अरुंद झाली आहे असं समजा. उंचवटा काढताना दांड्याच्या दोन्ही बाजूंच्या कूर्चा आत सरकल्या की असं होतं. दुरुस्तीच्या वेळी पडदा आणि त्या कूर्चा यांच्यामध्ये कूर्चेच्या बारीक पट्ट्या बसवतात. दांडाही त्याने सरळ दिसतो. म्हणजे दुसरं ऑपरेशन करायचंच ठरलं तर आकार आणि श्वास यांचा एकत्र विचार करणाऱ्या सर्जनकडूनच करा.

प्रश्न : नाकपुडीच्या कडेला फुटकुळी होती, भरतच नव्हती. तपासात कातडीचा कॅन्सर निघाला. हैदराबादला तो भाग काढून कपाळाची कातडी नाकावर लावली, तीन आठवड्यांनी मधला जोड कापला. त्याला पाच महिने झाले. नाक गोळ्यासारखं जाड दिसतं, त्यावर पांढरे केस उगवतात, कपाळावर उभा वण आहे. पोरं बघून हसतात. आता काय करता येईल? वय ६१. – बोरोळ

उत्तर : तुमचं काम अर्ध्यावर आहे, बिघडलेलं नाही. कपाळाची कातडी नाकाच्या कातडीहून जाड असते. सुरुवातीला तिची सर्व जाडी मुद्दाम ठेवतात, कारण रक्तपुरवठा त्यातूनच चालतो. जोड कापून काही महिने गेले की कडेने चीर घेऊन आतली चरबी आणि वण काढून तो भाग पातळ करतात आणि नाकपुडीची घडी उठावदार करतात. तुम्हाला आता ते करता येईल. आधी मूळ सर्जनकडून आजार परतला नाही ना, एवढं पाहून घ्या.

केस उगवतात कारण कातडी डोक्याच्या केसांच्या रेषेपर्यंत घेतली असणार. काळ्या केसांना लेसर चालतो. पांढऱ्या केसांत रंगद्रव्य नसतं, त्यामुळे लेसर त्यांना पकडत नाही. पातळ करण्याच्या वेळी आतून केसांची मुळं छाटतात किंवा एकेका मुळाला विजेची बारीक सुई लावतात. तोवर धारदार कात्रीने कापा, चिमट्याने उपटू नका. कपाळाच्या वणावर सिलिकॉनची जेल दोन-तीन महिने लावा आणि शेतात जाताना टोपी किंवा पटका पुढे ओढून घ्या. कोवळा वण उन्हाने काळा पडतो.

तुमच्यावर झालेलं ऑपरेशन मूळचं आपल्याच मुलखातलं आहे. टिपू सुलतानाशी झालेल्या १७९२ च्या लढाईत इंग्रजी फौजेसाठी बैल हाकणारा कावसजी नावाचा मराठा शेतकरी पकडला गेला. त्याचं नाक आणि एक हात छाटण्यात आला. वर्षभराहून अधिक काळ तो तसाच राहिला. मग पुण्याजवळ विटा करणाऱ्या जातीतल्या एका कारागिराने त्याला नवं नाक करून दिलं. त्याने मेणाचं पातळ नाक करून ते कपाळावर सपाट पसरलं, भोवती रेघ ओढली आणि तेवढी कातडी सोडवली. दोन डोळ्यांच्या मधली पट्टी तेवढी जोडलेली ठेवली. मग कातडी अर्धी पिळून खाली आणली आणि खरवडलेल्या कडांत बसवली. वर काथ लावलेल्या कापडाच्या पट्ट्या, चार दिवसांनी तुपात भिजवलेलं कापड आणि साधारण पंचविसाव्या दिवशी मधली पट्टी कापून टाकली. मुंबई इलाख्याच्या नोकरीतले थॉमस क्रूसो आणि जेम्स फिंडले हे दोन डॉक्टर तिथे हजर होते. लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’च्या ऑक्टोबर १७९४ च्या अंकात ही हकिगत चित्रासह छापून आली, तीही वाचकाचं पत्र म्हणून. पुढे जोसेफ कार्प्यू या सर्जनने १८१४ मध्ये लंडनला ही रीत वापरली आणि १८१६ मध्ये त्यावर पुस्तक काढलं.

तुमचा जोड तीन आठवड्यांनी कापला आणि कावसजीचा पंचविसाव्या दिवशी, यामागचं कारण एकच. नव्या जागेतून रक्तवाहिन्या आत शिरायला तेवढे दिवस लागतात. आणि केलेलं नाक पुन्हा सुधारावं लागतं हेही नवं नाही. कमी पडलं तर वाढवावं, मांस जास्त झालं तर समतल करावं, असं सुश्रुतसंहितेत नाक आणि कान जोडण्याच्या विधीबरोबरच सांगितलेलं आहे.

प्रश्न : माझी मुलगी १२ वर्षांची आहे. जन्मतः ओठ फाटलेला होता, तान्ही असताना ऑपरेशन झालं. ओठ चांगला आहे, पण त्या बाजूची नाकपुडी चपटी आणि पसरट आहे. शाळेत चिडवतात, आता ती फोटोच काढू देत नाही. नाकाचं ऑपरेशन लगेच करावं का? – एक आई, देगलूर

उत्तर : शेवटचं, पूर्ण ऑपरेशन आत्ता नको. चेहऱ्याची वाढ चालू असताना नाकाचं हाड आणि पडदा कापला तर वाढ खुंटू शकते. मुलींमध्ये ते साधारण १५-१६ व्या वर्षी करतात, मुलांमध्ये १७-१८ व्या वर्षी. पण मधली वर्षं रिकामी घालवू नका. त्या बाजूच्या हिरडीत हाडाची फट आहे का, हे क्ष-किरणात पाहून घ्या. फट असेल तर कमरेच्या हाडातून थोडं हाड काढून तिथे भरतात. सुळा उतरण्याआधी, म्हणजे ८ ते ११ या वयात ते केलेलं चांगलं. तुमच्या मुलीचा सुळा आला नसेल तर अजून वेळ गेलेली नाही. नाकपुडी ज्या पायावर उभी राहते तो पाया त्याने उचलला जातो. दातांच्या तारांचं कामही याच काळात चालतं. चिडवण्याचा त्रास फारच होत असेल तर नाकपुडीच्या कूर्चेची छोटी दुरुस्ती मधल्या काळात करता येते, मात्र पुढचं ऑपरेशन त्याने टळत नाही.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात १८ वर्षांपर्यंतच्या मुलांच्या फाटलेल्या ओठ-टाळूचा समावेश आहे. शाळेत आणि अंगणवाडीत येणाऱ्या या कार्यक्रमाच्या डॉक्टरांना मुलगी दाखवा आणि पुढच्या दवाखान्यासाठी चिठ्ठी लिहून घ्या. चिडवणाऱ्यांबद्दल वर्गशिक्षकांशी बोला. ते काम पंधराव्या वर्षापर्यंत थांबवायचं नाही.

प्रश्न : माझी दोन ऑपरेशनं झाली. तरी उजवी बाजू डाव्यापेक्षा जाड वाटते. तीन डॉक्टर म्हणतात, काही दोष नाही. मी रोज मोबाइलवर फोटो काढून मापं घेतो. यामुळे कॉलेज सुटलं. तिसरं ऑपरेशन कुठे करावं? – वय २४, निलंगा

उत्तर : मोबाइलने माप घेऊ नका. कॅमेरा चेहऱ्याजवळ असला की पुढे असलेली वस्तू मोठी दिसते. पाच फुटांवरून काढलेल्या फोटोच्या मानाने फूटभर अंतरावरून नाक सुमारे ३० टक्के रुंद दिसतं, असा हिशेब २०१८ मध्ये मांडला गेला आहे. शिवाय माणसाच्या चेहऱ्याच्या दोन बाजू तंतोतंत सारख्या कुणाच्याच नसतात.

तीन डॉक्टरांना न दिसणाऱ्या दोषापायी कॉलेज सुटतं, तेव्हा आधी उपचार त्या छळणाऱ्या विचाराचा करायचा असतो. हा ओळखीचा आजार आहे आणि त्याला औषध आहे, बोलून करायचे उपचारही आहेत. असा त्रास असताना केलेल्या ऑपरेशनने समाधान होत नाही, नजर फक्त दुसऱ्या जागी जाते. लातूरच्या विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्थेच्या किंवा तुम्हाला जवळ पडेल त्या दवाखान्याच्या मानसोपचार विभागात जा आणि हे पत्र जसंच्या तसं दाखवा. तिसऱ्या ऑपरेशनला जो सर्जन तुम्हाला ‘नाही’ म्हणेल, तो तुमच्या भल्याचं सांगतोय असं समजा.

थोडक्यात

*मशेरी लावते. चालेल का?* – नाही. मशेरी, गुटखा, बिडी, सगळ्यांतल्या निकोटीनने बारीक रक्तवाहिन्या आखडतात आणि जोडलेली कातडी काळी पडू शकते. ऑपरेशनच्या निदान चार आठवडे आधी बंद करा, नंतरही तेवढेच दिवस लावू नका.

*नथ आणि चष्मा कधी घालू?* – हाडावर काम झालं असेल तर चष्म्याचा भार सहा आठवडे दांड्यावर नको, कपाळाला चिकटपट्टीने टांगून वापरा. मुरणी किंवा नथ सर्जनने नाकपुडी तपासल्यावरच घाला, पहिल्यांदा हलकी.

*२०२१ मध्ये काळ्या बुरशीमुळे टाळू आणि जबडा काढला. गाल आणि नाक आत गेलंय.* – आधी साखर ताब्यात आणि बुरशी पूर्ण गेल्याची स्कॅनमध्ये खात्री. मग दंतवैद्याकडून टाळू झाकणारी कवळी करून घ्या, बोलणं आणि गिळणं तिने लगेच सुधारतं. गालाच्या हाडात बसवलेले दात किंवा पायाच्या हाडाने जबडा उभा करणं हे पर्याय पुढचे. नाकाचा आकार सर्वांत शेवटी, कारण त्याला टेकायला खाली हाड लागतं.

*वर्षभर थांबा म्हणता. कशासाठी थांबू नये?* – दोन्ही नाकपुड्या एकाएकी बंद होऊन ताप आणि वाढता ठणका. दाबूनही न थांबणारं रक्त. सायनसच्या ऑपरेशननंतर पुढे वाकलं की एका नाकपुडीतून पाण्यासारखं पातळ, खारट टपकणं, कारण ते मेंदूभोवतीचं पाणी असू शकतं. फिलरनंतर कातडी पांढरी किंवा जांभळी पडणं, अंधारी येणं. यांतलं काहीही झालं तर त्याच दिवशी दवाखाना गाठा, रात्र असली तरी.

*दुरुस्तीसाठी पहिल्याच डॉक्टरकडे जावं की दुसऱ्या?* – आधी पहिल्याकडे. आत काय कापलं, काय ठेवलं, हे त्यालाच ठाऊक असतं. मग दुसरं मत जरूर घ्या, कुठल्याही चांगल्या सर्जनला त्याचा राग येत नाही. जाताना डिस्चार्ज कार्ड, ऑपरेशनची टिपणं आणि ऑपरेशनआधीचा समोरून व बाजूने काढलेला फोटो न्या. नाक सिनेमातल्या कुणासारखं हवं, हे सांगू नका. श्वास कुठे अडतो आणि नजरेला नेमकं काय खटकतं, ते दोन ओळींत लिहून न्या. दुरुस्ती करणारा सर्जन ‘नक्की पहिल्यासारखं करून देतो’ म्हणाला तर आणखी एका डॉक्टरला विचारा. किती सुधारेल आणि काय तसंच राहील, हे दोन्ही जो सांगतो, त्याच्याकडून करून घ्या.